इंजिन वाढलं, क्लच तोच

टर्बो गाडीचं ‘रीमॅप’ करून घेणं आता पुण्या-मुंबईत नवलाचं राहिलेलं नाही. गाडीला लॅपटॉप जोडायचा, इंजिनच्या संगणकातला मूळ प्रोग्राम बाजूला ठेवून सुधारलेला भरायचा, की थोड्या वेळात गाडीचं पिकअप बदललेलं असतं. इंजिन उघडावं लागत नाही, एक नटही हलत नाही. त्यामुळे मालकाला वाटतं की बाकी गाडी होती तशीच आहे. प्रत्यक्षात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे बसलेल्या क्लचवर त्याच दिवसापासून वेगळा भार येऊ लागतो.

‘कंपनीच्या क्लचला हे झेपेल का?’ हा प्रश्न मग विचारला जातो आणि त्याची दोन ठरलेली उत्तरं मिळतात. रीमॅप करून देणारा ट्यूनर म्हणतो, काही होत नाही, कंपनी भरपूर राखून ठेवते. गिअरबॉक्स उतरवणारा मेकॅनिक म्हणतो, त्या भानगडीत पडूच नका. दोघांनीही आपल्या जागेवरून खरंच काहीतरी पाहिलेलं असतं. पण कंपनी राखून ठेवते म्हणजे किती, आणि ते कशासाठी, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. सगळा निकाल तिथेच लागतो.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे. क्लचचा संबंध अश्वशक्तीशी नाही, टॉर्कशी आहे. इंजिन क्रँकला किती जोराने पीळ देतं तो टॉर्क, आणि तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनिशी दिला जातो त्यावर अश्वशक्ती ठरते. क्लचच्या चकतीला फक्त पीळ सोसायचा असतो. रांजणगावच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन यासाठी उत्तम उदाहरण आहे. पुंटोमध्ये ते ७६ पीएस आणि १९७ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. ‘नाइन्टी एचपी’ या प्रकारात टर्बो वेगळा होता आणि आकडे ९३ पीएस व २०९ न्यूटन मीटर होते. ताकद २२ टक्क्यांनी वाढली, टॉर्क मात्र ६ टक्क्यांनी. म्हणजे स्पीडोमीटरला मोठा फरक दिसला तरी क्लचच्या दृष्टीने इंजिन जवळजवळ तेच राहिलं.

रीमॅपमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट होतं. डिझेलमध्ये गंमत वाटते ती १७०० ते २५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणून टर्बोचा दाब आणि इंधन तिथेच सढळ हाताने वाढवलं जातं. अश्वशक्ती १५ टक्के वाढली असं कागदावर लिहिलेलं असतं आणि त्याच वेळी मधल्या पट्ट्यात टॉर्क २५ टक्क्यांनी फुगलेला असतो. ट्यूनरकडून मिळालेल्या आलेखात शेवटचं टोक पाहणारे पुष्कळ असतात. क्लचची काळजी असेल तर नजर डावीकडच्या चढावर असली पाहिजे.

क्लच किती टॉर्क धरून ठेवतो हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा दाब, क्लच प्लेटच्या फेसिंगचं घर्षण, फेसिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. साध्या एका प्लेटच्या क्लचला अशा दोन बाजू असतात. समजा फेसिंगचा बाहेरचा व्यास २१५ मिलिमीटर आणि आतला १४५ आहे. सरासरी त्रिज्या ९० मिलिमीटर झाली. प्रेशर प्लेटचा दाब ५,००० न्यूटन, म्हणजे साधारण पाचशे किलोच्या वजनाइतका, आणि घर्षणाचा गुणांक ०.२८ धरला, तर हा क्लच २५२ न्यूटन मीटरपर्यंत घसरणार नाही. इंजिन २०० न्यूटन मीटरचं असेल तर हातात २६ टक्के शिल्लक आहे. रीमॅपने २४० केलं तरी २५२ मोठेच, म्हणजे झेपलं, असा हिशोब कोणीही करेल.

हाच हिशोब फसवा आहे, कारण घर्षणाचा गुणांक स्थिर नसतो. रोजच्या वापरातलं ऑरगॅनिक फेसिंग, ज्यात काचतंतू, रेझिन, रबर वगैरेंचं मिश्रण असतं, ते फार तापलं की त्याची पकड कमी होते. गुणांक ०.२८ वरून ०.२४ वर आला तर वरच्या क्लचची क्षमता २१६ वर येते. मूळ २०० न्यूटन मीटरचं इंजिन तापलेल्या क्लचवरही चालून जातं. २४० चं जात नाही. कंपनीने २६ टक्के ठेवले होते ते याच वेळेसाठी: मे महिना, खंबाटकीचा चढ, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान, पुढे रांगेत अडकलेले ट्रक. ट्यूनर ज्याला शिल्लक म्हणतो ती रक्कम आधीच दुसऱ्या कामाला लावलेली आहे. रीमॅपमध्ये आपण ती मोडतो, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

प्रवासी गाड्यांमध्ये ही शिल्लक धरून क्लचची एकूण क्षमता सर्वसाधारणपणे इंजिनच्या कमाल टॉर्कच्या १.२ ते १.५ पट या दरम्यान ठेवली जाते. ती दुप्पट का ठेवत नाहीत? दाब वाढवला की पेडल जड होतं, आणि दिवसाला तीनचारशे वेळा क्लच दाबणाऱ्या शहरी माणसाला जड पेडल नको असतं. व्यास वाढवला की वजन, किंमत आणि जागा वाढते. शिवाय क्लच अगदीच न घसरणारा असेल तर अचानक बसलेला झटका तो थेट गिअरबॉक्सच्या दातांपर्यंत आणि अ‍ॅक्सलपर्यंत पोचवतो. बेताचा क्लच अशा वेळी क्षणभर घसरून महागडे भाग वाचवतो, त्यामुळे त्याच्या बेताचं असण्यामागेही विचार असतो.

कंपन्या स्वतः मॅन्युअल गाड्यांबद्दल काय मानतात हे त्यांच्या माहितीपत्रकातच दिसतं. टोयोटा फॉर्च्युनरचं २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर देतं आणि मॅन्युअलमध्ये ४२०. दोन्हींची ताकद २०४ पीएस. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं १८५ पीएसचं डिझेल ऑटोमॅटिकला ४५० आणि मॅन्युअलला ४२० न्यूटन मीटर. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनचं १७५ पीएसचं डिझेल ४०० आणि ३७०, तर नाशिकला बनणाऱ्या थारचं पेट्रोल इंजिन ३२० आणि ३००. प्रत्येक वेळी मॅन्युअलच्या वाट्याला कमी आलं आहे. यात गिअरबॉक्सच्या मर्यादेचाही भाग आहे, सगळं खापर क्लचवर फोडता येणार नाही. पण ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात घसरण तेलातून होते आणि तेलाची उष्णता कूलरमधून बाहेर जाते. मॅन्युअलमध्ये ती सगळी उष्णता दोन पातळ फेसिंगनी आणि त्यांच्या शेजारच्या लोखंडाने गिळायची असते.

म्हणून ‘ऑटोमॅटिकमध्ये कंपनीच ५०० देते, इंजिन तेच आहे, मग माझ्या मॅन्युअलला ५०० द्यायला काय हरकत आहे?’ हा युक्तिवाद मला घातक वाटतो. इंजिनाला हरकत नसेलही. पण ४२० वरून ५०० म्हणजे १९ टक्के वाढ, आणि ज्या साखळीसाठी कंपनीने मुद्दाम ४२० वर थांबायचं ठरवलं तिच्यावरच ती लादली जाते.

आता उष्णतेचा हिशोब, कारण क्लच मरतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. उभी गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते तेव्हा क्लच थोडा वेळ घसरणारच. तेच त्याचं काम. सपाट रस्त्यावर या वेळात क्लचमध्ये तयार होणारी उष्णता, क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीने जितकी गतिज ऊर्जा मिळवली साधारण तितकीच असते. माणसांसकट १,२०० किलोची गाडी १,५०० फेऱ्यांवर शांतपणे सोडली आणि तेव्हा तिचा वेग ताशी १२ किलोमीटर होत असेल, तर ही ऊर्जा सुमारे ६.७ किलोज्यूल भरते. तीच गाडी ३,००० फेऱ्यांवर सोडली तर वेग दुप्पट आणि उष्णता चौपट. इथे इंजिनाच्या कमाल टॉर्कचा संबंधच आला नाही. सिग्नलवरून झेप घेण्याची सवय असलेल्याच्या पायाखाली मूळ इंजिनाचा क्लचही लवकर संपतो, आणि शांत पायाच्या माणसाकडे रीमॅप केलेल्या गाडीचा क्लच वर्षानुवर्षं टिकलेला दिसतो, त्याचं कारण हे आहे.

धावत्या गाडीत क्लच घसरला तर चित्र फार वाईट होतं. २५० न्यूटन मीटर टॉर्क चालू आहे आणि इंजिन गिअरबॉक्सपेक्षा मिनिटाला फक्त ३०० फेरे जास्त फिरतंय असं धरा. तयार होणारी उष्णता जवळजवळ ८ किलोवॉट आहे, म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे चार गिझर एकदम चालू केल्यासारखी, आणि तीही बंद डब्यात. पाच सेकंदांत शांतपणे गाडी सोडण्याच्या सहापट उष्णता जमा होते. त्या उष्णतेने घर्षण घटतं, घर्षण घटल्यावर घसरण वाढते, आणि वाढलेली घसरण आणखी उष्णता करते. त्यामुळे क्लच ‘थोडासा’ घसरतोय अशी अवस्था फार काळ टिकत नाही. त्या दिवसापासून पुढची उतरण वेगाने होते.

भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये रीमॅप केलेल्या डिझेल हॅचबॅकचा उतरवलेला क्लच मी नीट हातात घेऊन पाहिला आहे. फेसिंगची जाडी अजून पुष्कळ शिल्लक होती, रिव्हेटची डोकी खोल आत होती. साध्या झिजेने गेलेला क्लच असा दिसत नाही. त्यात रिव्हेट वर येऊन लोखंडाला चरे पाडू लागलेले असतात. इथे फेसिंगचा पृष्ठभाग काळा आणि काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बोट फिरवलं तर कुठेच खरखरीतपणा लागत नव्हता. फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग होते, आणि ते डाग जिथे दाट होते तिथे केसाएवढ्या बारीक भेगा. प्लेट ‘शिल्लक’ होती आणि तरीही कामाची राहिली नव्हती. अशा फ्लायव्हीलवर नुसती नवी प्लेट चढवून गाडी परत देणं हा मालकावर अन्याय आहे. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यावा लागतो किंवा फ्लायव्हील बदलावं लागतं.

घसरण आधी कुठे दिसते? अनेकांना वाटतं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, कारण तिथे गाडी जोरात उसळते. पण पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे झपाट्याने चढतात आणि टॉर्कचा बराच भाग इंजिनाचं स्वतःचं जड फ्लायव्हील फिरवण्यात खर्च होतो, तो क्लचपर्यंत येतच नाही. टर्बोलाही पूर्ण दाब भरायला तिथे वेळ मिळत नाही. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये फेरे हळू चढतात, टर्बो भरतो, आणि कमाल टॉर्क कित्येक सेकंद क्लचवर बसून राहतो. म्हणून तपासणी तिथेच करायची: मोकळा, सरळ, किंचित चढाचा रस्ता, वरचा गिअर, १,५०० ते १,८०० फेरे, आणि एक्सलरेटर पूर्ण दाबायचा. फेऱ्यांचा काटा वर उडी मारतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, मागाहून जळका वास येतो, तर निकाल लागला. ही तपासणी रीमॅपच्या आधी करायची. मूळ टॉर्कवरच घसरणारा क्लच घेऊन रीमॅपला जाणारे लोक पाहिले की वाईट वाटतं, कारण नंतर दोष रीमॅपला दिला जातो.

जुन्या क्लचबद्दल एक समज सरसकट बरोबर नाही. फेसिंग झिजलं की दाब कमी होतो असं मानलं जातं. डायफ्रॅम स्प्रिंगचा स्वभाव वेगळा आहे: झिजेबरोबर तिचा दाब आधी थोडा वाढतो, मग शिखर गाठून उतरतो. त्यामुळे अर्धा झिजलेला क्लच नव्यापेक्षा किंचित घट्टही धरू शकतो, आणि पेडल मात्र जड होत जातं. शेवटच्या टप्प्यात दाब घसरतो आणि सगळं एकदम बिघडतं. झिजेनुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या नव्या प्रकारच्या प्रेशर प्लेटमध्ये दाब आणि पेडल दोन्ही जवळपास सारखे राहतात, म्हणजे पायाला इशारा मिळत नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर वरचे सगळे आकडे बाद. फेसिंगला तेल लागलं की सुदृढ क्लचही धरत नाही.

मोठ्या डिझेलमध्ये आणखी एक भाग विचारात घ्यावा लागतो, ड्युअल मास फ्लायव्हील. दोन तुकड्यांच्या या फ्लायव्हीलमध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंग असतात आणि त्या इंजिनाचे हादरे शोषतात. ठरावीक टॉर्कपलीकडे त्या स्प्रिंग पूर्ण दबतात आणि मग धातूवर धातू आदळतो. कमी फेऱ्यांवर एकदम मोठा टॉर्क सोडणारा रीमॅप क्लच प्लेटच्या आधी याचाच जीव घेऊ शकतो. गाडी बंद करताना खडखड, निघताना थरथर ही त्याची लक्षणं. आणि त्याची किंमत क्लच सेटपेक्षा जास्त निघते.

हे सगळं ध्यानात घेऊन माझं मत. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत फिल्टर, सायलेन्सर, रीमॅप काहीही केलं तरी टॉर्क इतका थोडा वाढतो की चांगल्या क्लचला त्याची दखल घ्यावी लागत नाही. तिथे चिंता करू नये. टर्बो गाडीत टॉर्क १० ते १५ टक्के वाढणार असेल, क्लच सुस्थितीत असेल आणि गाडी बहुतेक हायवेवर चालत असेल, तर मूळ क्लच झेपवतो. २० टक्क्यांच्या आसपास तो गाडीपेक्षा चालवणाऱ्यावर अवलंबून राहतो. २५-३० टक्क्यांवर मी मूळ क्लचवर विसंबणार नाही, मग तो नवा का असेना. मागे ट्रेलर ओढणाऱ्या, चिखल-दगडांत उतरणाऱ्या किंवा सतत घाटात भरून चालणाऱ्या गाडीला तर १५ टक्केही जास्त आहेत. गिअरबॉक्सकडेही पाहावं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एमक्यू २०० या गिअरबॉक्सच्या नावातला आकडाच त्याच्या टॉर्कची पातळी सांगतो. त्याच्यासोबत येणारं १.० टीएसआय इंजिन १७८ न्यूटन मीटरचं आहे. २० टक्के वाढवलं की आपण २१४ वर, म्हणजे त्या आकड्याच्या पलीकडे.

मजबूत क्लच बसवणं हा सरळ उपाय दिसतो, पण त्याची किंमत पैशांपुरती नसते. जास्त दाबाची प्रेशर प्लेट लावली तर पेडल जड होतं, रिलीज बेअरिंग, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर यांच्यावर ताण येतो, आणि क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवरही. सिरॅमिक किंवा सिंटर्ड तुकड्यांची प्लेट प्रचंड उष्णता सोसते, पण ती हळुवार पकडतच नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत अशी गाडी धक्के देत चालते आणि चालवणारा वैतागतो. केव्हलार मिश्रित फेसिंग यांच्या मधलं आहे, टिकाऊ आणि बऱ्यापैकी मऊ, मात्र ते नीट बसायला वेळ घेतं. ड्युअल मास काढून अखंड फ्लायव्हील बसवणारेही आहेत. टॉर्कचा प्रश्न सुटतो, पण गिअरबॉक्समधला खडखडाट आणि हादरे कायमचे पदरी पडतात. रोजच्या गाडीला जास्त दाब आणि ऑरगॅनिक फेसिंग ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. रेसची प्लेट रेसलाच राहू द्यावी.

त्याहून चांगला मार्ग रीमॅपमध्येच आहे आणि तो फार कमी मालक मागतात. इंजिनच्या संगणकात टॉर्कला मर्यादा घालता येते; अनेक गाड्यांत ती प्रत्येक गिअरसाठी वेगळी ठेवता येते. १,८०० फेऱ्यांवरचा उभा सुळका कापून टॉर्क हळू चढता ठेवायचा आणि वाढ २,५०० च्या पुढे द्यायची. वर सांगितल्याप्रमाणे जास्त फेऱ्यांवर तोच टॉर्क जास्त अश्वशक्ती देतो, त्यामुळे गाडी खरोखर वेगवान होते आणि क्लचवरचा कमाल भार मूळच्या जवळ राहतो. पुंटोच्या दोन इंजिनांत कारखान्याने हेच केलं होतं. अशा गाडीत पाठीला बसणारा पहिला धक्का सौम्य असतो, आणि गिऱ्हाइकाला तर जोराचा धक्काच हवा असतो म्हणून ट्यूनर उलट दिशेला जातात. जो ट्यूनर क्लचचं वय, किलोमीटर आणि गाडीचा वापर विचारल्याशिवाय लॅपटॉप उघडतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

मोटरसायकलचं गणित वेगळं आहे. तिथे क्लच तेलात बुडालेला, अनेक प्लेटचा. एकेका प्लेटचं घर्षण कमी, पण प्लेट जास्त आणि उष्णता तेल घेऊन जातं. थोडी वाढ झाली तर किंचित कडक स्प्रिंगने काम भागतं. तिथे क्लच घसरतो तो अनेकदा चुकीच्या तेलाने: घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं कारचं इंजिन ऑइल ओतलं की प्लेट धरत नाहीत. डब्यावर जासो एमए किंवा एमए २ हे मानक पाहून घ्यावं.

कागदाचीही बाजू आहे. रीमॅपनंतर इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. क्लच झिजणाऱ्या भागांत मोडतो, त्यामुळे त्याला पूर्ण वॉरंटी मुळातच क्वचित मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनात बदल करण्यावर मर्यादा आहेत, आणि विमा कंपनीला बदल न कळवणं अपघाताच्या दाव्यात महागात पडू शकतं.

नवा क्लच बसवला तर पहिले काही शे किलोमीटर गाडी शहरातच चालवावी, गिअर पुष्कळ बदलावेत आणि एक्सलरेटर पूर्ण दाबू नये. नवं फेसिंग सुरुवातीला उंचवट्यांवरच टेकलेलं असतं. पूर्ण पृष्ठभाग फ्लायव्हीलशी जुळेपर्यंत त्याची पकड आकड्यांत दिलेल्यापेक्षा कमी असते. या काळात वाढीव टॉर्क टाकला तर ते उंचवटेच जळून गुळगुळीत होतात. क्लच आणि रीमॅप एकाच दिवशी करून देणारे असतात, गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचतो म्हणून. क्लच आज बसवावा आणि रीमॅपला महिन्याभराने जावं.